एका पायाची नखं

नवीन माणूस भेटला की ते आधी त्याच्या पायांकडे बघायचे. चेहऱ्याकडे नंतर, तेही वेळ उरला तर.

रोह्यात त्यांच्या मागच्या खोलीत मी भाडेकरू म्हणून राहायला गेलो, तेव्हा माझ्या एका हातात गादी होती आणि दुसऱ्यात बादली. दारात उभ्या उभ्या त्यांनी मला खालपासून गुडघ्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "उजव्या अंगठ्याचं नख आत घुसतंय. दुखत नाही?"

दुखत होतं. कंपनीने दिलेले सेफ्टी बूट एक नंबर लहान होते आणि बदलून मागायला मी नवीन होतो.

"बसा. आधी ते काढू. खोली कुठे पळून जात नाही."

माझ्याच बादलीत त्यांनी गरम पाणी ओतलं, मीठ टाकलं आणि माझा पाय त्यात बुडवला. मी केमिस्ट म्हणून नोकरीला लागलेला, पदवीधर, थोडंफार वाचलेला माणूस. एक अनोळखी म्हातारा जमिनीवर बसून आपला पाय मांडीवर घेतोय, या प्रसंगात चेहऱ्यावर कोणता भाव ठेवायचा ते मला कोणी शिकवलं नव्हतं. मी आभार मानायला सुरुवात केली. ते म्हणाले, "बोलू नका, पाय हलतो."

त्यांनी आयुष्यभर सरकारी दवाखान्यात ड्रेसरचं काम केलं होतं. जखमा धुवायच्या, पू काढायचा, पट्ट्या बांधायच्या. निवृत्त झाल्यावरही अख्खं रोहा त्यांना ड्रेसरकाका म्हणायचं. बायको कधीच गेली होती, मूल नव्हतं. मूळचे नगरकडचे, माझ्यासारखेच. आमच्या भागातली पुष्कळ ख्रिस्ती माणसं नोकरीच्या मागे अशी कुठे कुठे जाऊन पडली. काही या खाडीच्या आणि कारखान्यांच्या मुलखात आली. रोह्यात आमची लहानशी मंडळी, म्हणजे चर्च, होती. एक पत्र्याचा हॉल, त्याला नंतर स्लॅब पडला, नंतर टाइल्स आल्या, नंतर एसी. जसजसा हॉल गार होत गेला तसतसे काका मागच्या रांगेकडे सरकत गेले. मी होतो तेव्हा ते दाराशी, चपलांच्या शेजारी बसायचे. मीही तिथेच बसायचो, पण माझं कारण वेगळं होतं. उपदेश लांबला तर मला बाहेर सटकता यायचं.

शनिवार हा त्यांचा पायांचा दिवस. कापडदुकानाची एक जुनी पिशवी, तिच्यात दोन नेलकटर, एक जाड लोखंडी कटर, मऊ फडकं, खोबरेल तेलाची बाटली आणि लाल साबण. लोखंडी कटर मुळात वायर तोडायचं; कंपनीतल्या कुठल्याशा इलेक्ट्रिशियनने दिलेलं. म्हाताऱ्या माणसांची नखं शिंगासारखी होतात, त्यांना साधं नेलकटर चालत नाही. ते कटर ते आधी उकळायचे, ज्या पातेल्यात उकळायचे त्याच पातेल्यात नंतर चहा करायचे, आणि तो चहा मला द्यायचे. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा घोट तोंडातच राहिला.

"उकळलंय," ते म्हणाले. "तुमच्या लॅबपेक्षा स्वच्छ."

ज्यांना स्वतःच्या पायापर्यंत वाकता येत नाही अशा माणसांकडे ते जायचे. लकवा झालेले, पोट सुटलेले, कंबर गेलेले. घरात शिरले की म्हणायचे, "बादली द्या. चहा नको." मग काम करता करता ते त्या माणसाला इतकं बोलायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, जुनं वैर काढायला आले आहेत. "हे काय पाय आहेत का वरंवटे? सून आहे ना घरात? मुलगा आहे ना? मग? टीव्हीवर प्रार्थना ऐकतात. पाय ऐकतात का प्रार्थना?" सून आतल्या खोलीत भांडी आपटायची. म्हातारा मात्र डोळे मिटून बसलेला असायचा, ओठ अर्धवट उघडे, लहान मुलासारखा.

लोकांना ते आवडायचे, असं मला म्हणवत नाही. त्यांची गरज होती. या दोन गोष्टींत किती अंतर असतं ते मी तिथेच शिकलो.

मंडळीचे खजिनदार मजूर पुरवण्याचे ठेकेदार होते. नागोठण्यापासून डोलवीपर्यंत त्यांची माणसं कामाला. त्यांची आई अंथरुणाला खिळलेली. तिची नखं काका काढायचे, आणि ती प्रत्येक आल्यागेल्याला सांगायची, "माझ्या पोटचा पोरगा मला बघायला येतो. पायाला हात लावायला ड्रेसर येतो." खजिनदारांनी यावर एक बाई ठेवली, पण आईने तिला हाकललं. त्यामुळे खजिनदार काकांशी फार आदराने बोलायचे. तसला आदर माणूस ज्याला मनातून क्षमा करत नाही त्यालाच देतो.

काका 'प्रीती' हा शब्द उच्चारत नसत. आमच्यात हा शब्द श्वासाइतका वापरला जातो. पत्राच्या शेवटी प्रीती, भाषणाच्या सुरुवातीला प्रीती, भांडणाच्या मध्ये तर हमखास, "मी हे प्रीतीने सांगतोय." काका म्हणायचे, "तो रविवारचा शब्द आहे. मला आठवड्यातले बाकीचे दिवस द्या." दुसरं त्यांचं वाक्य, "तोंड काय, तोंड सगळेच धुतात." प्रार्थनेच्या वेळी ते डोळे मिटत नसत. पाळकसाहेबांनी, म्हणजे मंडळीच्या पाद्र्यांनी, एकदा हळूच विचारलं, तर म्हणाले, "डोळे मिटले की शेजारचा दिसत नाही."

एकदा माझ्या मोटरसायकलवर बसून ते पेणजवळ जोह्याला, मूर्तिकारांच्या गावी, आले. मला कंपनीतल्या साहेबासाठी गणपतीची मूर्ती सांगायची होती. ख्रिस्ती केमिस्टने हिंदू साहेबासाठी मूर्ती ठरवायला जाणं हीही नोकरीच असते. कारखान्यात रंगकाम चाललं होतं. ओळीने मूर्ती, आणि एक बाई खाली बसून त्यांच्या पायांच्या नखांना गुलाबी रंग लावत होती. एकेक नख, बारीक कुंचल्याने. मी ते कौतुकाने पाहत होतो. काका त्या बाईचे पाय पाहत होते. पावसाळाभर ओल्या जमिनीवर बसून तिच्या बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून कुजल्या होत्या.

"ताई, देवाची नखं झाली की तुमची बघू," ते म्हणाले.

बाई लाजली. मग इतर बायांनी तिला ढोसलं. "दाखव गो, दाखव. फुकट डॉक्टर आलाय." काकांनी तिला औषध लिहून दिलं नाही, ते लिहायचा त्यांना अधिकार नव्हता आणि ते तो घेतही नसत. बेचक्यांत कोरडं फडकं कसं घालायचं ते करून दाखवलं. परत येताना गाडीवर मागून म्हणाले, "चांगली कारागीर आहे. नख कसं असावं ते तिला माहीत आहे."

आता ती म्हातारी.

रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावाच्या पलीकडे, डोंगराच्या बाजूला कातकऱ्यांची एक वाडी आहे. तिथली एक म्हातारी दर रविवारी हॉलच्या दाराशी येऊन बसायची. उमेदीत ती नवऱ्याबरोबर वीटभट्ट्यांवर जायची, पुढे लाकडाच्या मोळ्या विकायची, भातकापणीला जायची. तिचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. गाणी आवडतात म्हणून यायची. तिला शब्द येत नसत. चाल मात्र ती सगळ्यांच्या आधी उचलायची आणि सगळ्यांच्या नंतर सोडायची. पुढच्या रांगेतल्यांना याचा त्रास व्हायचा.

उपासना संपली की ती काकांच्या घरी यायची. पहिल्यांदा आली तेव्हा मी अंगणात होतो. तिने पाणी मागितलं आणि पायरीखाली उकिडवी बसून दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरली. काकांनी तांब्या आणला नाही. स्टीलच्या ग्लासात पाणी भरून तो तिच्यापुढे धरला.

"वरनं सोड ना दादा."

"ग्लास घे."

"नको. हातातून पडंल माज्या."

"पडू दे. काचेचा नाय."

ती ओंजळ सोडेना, ते ग्लास मागे घेईनात. दोघंही हट्टी. शेवटी तिने ग्लास घेतला, पण कडेला ओठ न लावता उंचावरून पाणी तोंडात सोडलं, निम्मं गळ्यावर सांडलं. काका तिच्यावर ओरडले. पुढच्या रविवारी परत ग्लास. असे कितीतरी रविवार गेल्यावर एकदा तिने ग्लासाला ओठ लावले. काकांनी आत जाऊन तिच्यासाठी चहा टाकला. कटरच्याच पातेल्यात.

ओंजळीचं आम्हा लोकांना काय सांगायचं? मंडळीच्या वर्धापनदिनाला दरवर्षी कोणीतरी वडीलधारा उठायचा आणि आमच्या आज्या-पणज्यांची गोष्ट सांगायचा. गावच्या विहिरीपासून लांब बसून ते ओंजळ कशी धरायचे, वरून धार कशी यायची, धार सोडणारा मुद्दाम कशी हलवायचा. मग पहिला मिशनरी आला आणि त्याने त्यांच्या हातात पेला दिला. पेल्याच्या ठिकाणी बोलणाऱ्याचा आवाज भरून यायचा. ऐकणारे डोळे टिपायचे. खजिनदारांच्या घरात हीच गोष्ट होती, पाळकसाहेबांच्या घरात हीच, माझ्याही घरात. तिच्यावर मी मनातून हसायचो, कारण ती पाठ झाली होती. पण ती खोटी नव्हती.

त्या वर्षी भातकापणीत म्हातारीच्या पायात धसकट घुसलं. तिला साखर होती, तिला ते माहीत नव्हतं. मार्च येईपर्यंत करंगळी काळी पडली, शेजारच्या बोटाचा रंग बदलू लागला. काका शनिवारची वाट न बघता रोज वाडीवर जाऊ लागले. पट्टी बदलायची, पाय उशीवर उंच ठेवून यायचं. मग रोह्याच्या डॉक्टरने सांगितलं, अलिबागला मोठ्या दवाखान्यात न्या, एक दिवसाआड न्यावं लागेल, बोट जाईल पण पाय वाचेल. आणि नेताना आडवं न्या, पाय लोंबता ठेवू नका.

अलिबागला आडवं न्यायचं कशात? सरकारी गाडी अपघाताला मिळते. म्हातारीच्या बोटाला एक दिवसाआड कोण पाठवणार? काकांनी तिला एकदा मिनिडोरमधून नेलं. त्या तीनचाकी डब्यात माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसतात, आणि रस्त्याबद्दल मी काही लिहीत नाही. परत आली तेव्हा पट्टी रक्ताने भरली होती.

मंडळीकडे मात्र नवी व्हॅन होती. कोणा दात्याने दिलेली, पांढरी, दोन्ही बाजूंना मोठ्या निळ्या अक्षरांत 'प्रीती सेवा' लिहिलेली. कमिटीच्या सभेत काकांनी ती मागितली. मी त्या सभेला होतो, कारण इतिवृत्त लिहायला सुशिक्षित माणूस लागतो.

"काका, तुमची भावना आम्हाला समजते," खजिनदार म्हणाले.

"भावना नको. व्हॅन द्या."

"पुढचा आठवडा पवित्र आठवडा आहे. गुरुवारी पाय धुण्याचा विधी आहे, मुंबईचे पाहुणे येणार, त्यांना स्टेशनवरून आणायचं. सीट कव्हर नवीन टाकलीत."

"मी चादर टाकेन."

"वास राहतो ओ काका गाडीत." हे ते खरोखर अजिजीने म्हणाले. "जाता जात नाही."

कोणीतरी आठवण दिली की तिचा बाप्तिस्माही झालेला नाही.

"तिच्या पायाचा बाप्तिस्मा मी रोज करतोय," काका म्हणाले.

पाळकसाहेब तरुण होते. नवीन आलेले, घाबरट, स्वभावाने वाईट अजिबात नाहीत. त्यांनी मधला मार्ग काढला. मधला मार्ग नेहमी काढणाऱ्याच्या सोयीचा असतो. "काका, ईस्टर होऊ द्या. सोमवारपासून व्हॅन तुमचीच."

"सोमवारपर्यंत पाय थांबेल का, ते पायाला विचारून सांगतो," काका म्हणाले आणि उठले. दारातून परत वळून म्हणाले, "गुरुवारी पाण्याचं मीच बघीन. घंगाळं माझ्याकडे आहे."

पाय धुण्याचा विधी हा पाळकसाहेबांचा नवा उपक्रम. आमच्या मंडळीत पूर्वी तो नव्हता. वेदीपुढे बारा खुर्च्या, त्यांवर येशूच्या बारा शिष्यांसारखे बारा सभासद, आणि येशूने धुतले तसे पाळक त्यांचे पाय धुणार. नम्रतेचा धडा. या बारांत कोण असावं यावरून महिनाभर मंडळीत नम्रतेने भांडणं चालली. पंखे देणारा होता, माइक देणारा होता, ठेकेदार खजिनदार तर होतेच. गुरुवारी संध्याकाळी ते बाराजण आले तेव्हा त्यांचे पाय बघण्यासारखे होते. सगळ्यांनी घरून साबणाने घासून धुऊन आणले होते. एकाने नवे पांढरे मोजे घातले होते, वेळेवर काढायला. एकजण तर पेणला पार्लरमध्ये जाऊन टाचा घासून आला होता. ते त्याच्या बायकोनेच सगळ्यांना सांगितलं. माझ्या शेजारी उभं राहून काका म्हणाले, "केमिस्ट, यांतल्या एकाचेही पाय धुवायची गरज नाही. पाणी फुकट."

बारा नव्हते, अकराच होते. बारावा डोलवीच्या प्लांटमध्ये कामाला. त्याचा रिलीव्हर आला नाही म्हणून तो शिफ्टवरच अडकला होता. शेवटची खुर्ची रिकामी राहिली. मुंबईचे पाहुणे पहिल्या रांगेत बसले होते, फोटोवाला तयार होता. विधी सुरू झाला. पाळकसाहेब गुडघे टेकून, अंगरख्याच्या बाह्या सरसावून, एकेक पाय हातात घेऊन धूत होते, पुसत होते. त्यांनी ते मनापासून केलं, हे मला सांगितलं पाहिजे. पाचव्या-सहाव्या माणसाच्या वेळी त्यांचे डोळे ओले झाले होते.

तेवढ्यात काका दारातून आले. एका हाताने म्हातारीला धरलेलं, दुसरा तिच्या पाठीशी. ती लंगडत, कुरकुरत. "नको रं दादा. माजा वास येतो."

"त्यासाठीच बस."

त्यांनी तिला बाराव्या खुर्चीत बसवलं, खाली वाकून तिची पट्टी सोडली आणि बाजूला झाले. तिला मान मिळावा म्हणून त्यांनी ते केलं असं नंतर पुष्कळांनी म्हटलं. मान वगैरे काही नाही. त्यांना व्हॅन पाहिजे होती. पाय सगळ्यांनी एकदा नीट पाहिला की कोणी सोमवार म्हणणार नाही, इतका साधा हिशेब होता. त्यांना वाटायचं, बघितलं की माणूस करतोच. पायांबद्दल त्यांना सगळं माहीत होतं. माणसांबद्दल हा त्यांचा एक गैरसमज आयुष्यभर टिकून होता.

वास आला. एसी असल्यामुळे खिडक्या बंद होत्या.

पाळकसाहेब अकराव्या माणसाचे पाय पुसून बाराव्या खुर्चीपाशी आले. त्यांनी पाय पाहिला. हातात पाण्याचा जग होता. अकरा वेळा टेकलेले गुडघे त्यांनी या वेळी टेकले नाहीत. ते उभे राहिले, ताठ, जरासे मागे रेलून, आणि वरूनच पायावर पाण्याची धार सोडली.

म्हातारीने वर पाहिलं. साहेबासारखा दिसणारा एक माणूस उभा, आणि त्याच्या हातून वरून पाणी येतंय. तिने कोपरं गुडघ्यांवर टेकली, पुढे वाकली, दोन्ही हातांची ओंजळ धारेखाली धरली आणि पाणी प्यायला लागली.

मागून कोणीतरी हसलं. बारीक, ठसका लागल्यासारखं.

पाळकसाहेबांना धार थांबवता येईना. ती पीत होती. मध्येच तोडायची कशी? त्यांनी जग दोन्ही हातांनी धरला, तरी धार हलत होती, आणि हलणाऱ्या धारेमागे ती ओंजळ सराईतपणे हलवत होती. पोट भरल्यावर तिने पुरे म्हणून मान हलवली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "देव तुजं भलं करंल."

मला वाटलं, आता काका ओरडतील. त्यांचा तो धंदाच होता. ते पुढे आले, पाळकसाहेबांच्या हातातून जग घेतला आणि अगदी हळू आवाजात, त्यांना पहिल्यांदाच अरेतुरे करत म्हणाले, "आत ग्लास होता रे."

मग खाली बसले आणि तिचा पाय धुतला.

व्हॅन त्याच क्षणी मिळाली. इतक्या तातडीने, की माणसं एकमेकांना ढकलत होती. खजिनदारांनी स्वतः किल्ली आणली. म्हातारीला मागच्या सीटवर आडवं केलं. कमिटीचे चौघे चढले, फोटोवाला चढला, पाळकसाहेब चढले. काकांना जागा उरली नाही. ते मिनिडोरने मागून गेले.

पाय गुडघ्याखाली कापावा लागला. आठवड्यापूर्वी आणली असती तर वाचला असता का, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि काकांनी विचारलं नाही. मी विचारलं, तर म्हणाले, "काय करायचंय उत्तर घेऊन? इतिवृत्तात लिहिणार?"

वार्षिक अहवालात व्हॅनमधल्या म्हातारीचा फोटो आला. खाली ओळ होती ती मी लिहीत नाही. कोणता शब्द असणार ते कळेलच. पाय धुण्याचा विधी पुढच्या वर्षी झाला, त्याच्या पुढच्याही. फक्त आता एक तेरावा सभासद राखीव बसवतात, खुर्ची रिकामी राहू नये म्हणून. म्हातारी परत हॉलमध्ये आली नाही. तिला कोणी नको म्हटलं नव्हतं. कुबडी टाइल्सवरून घसरते, असं ती म्हणायची.

काका मात्र हॉलमध्ये यायचे, तिथेच चपलांशी बसायचे. आणि शनिवारी वाडीवर जायचे. एकदा मी गाडीवरून सोडायला गेलो. त्यांनी तिचा एकुलता पाय बादलीत बुडवला आणि म्हणाले, "चला, हिचं काम निम्मं झालं." मला त्या विनोदाने कसंतरी झालं. म्हातारी मात्र दात नसलेल्या तोंडाने खदखदून हसली. "व्हय रं बाबा. तुजं मीठ वाचलं."

पुढे माझी बदली झाली, मी पेणला घर केलं. काकांना लकवा झाला तेव्हा मी रविवारी रोह्याला जायचो. त्यांची वाचा गेली होती. आयुष्यभर सगळ्यांना बोललेला माणूस आता नुसता बघायचा. मंडळीने त्यांना अंतर दिलं नाही, असं म्हणता येईल. माणसं येत, केळी आणत, बिस्किटांचे पुडे आणत, प्रार्थना करत. खोली लहान होती आणि पलंग भिंतीला लागून. सगळे उशाशी उभे राहत, मीही. पायथ्याशी कोणी उभं राहिलेलं मी पाहिलं नाही. पायांवर चादर होती.

ते गेले तेव्हा अंत्यविधीला हॉल भरला. शवपेटी वेदीपुढे, जिथे पाय धुण्याचं घंगाळं असायचं तिथेच. पाळकसाहेब चांगलं बोलले. खजिनदार त्याहून चांगलं बोलले. त्यांची आई एव्हाना गेलेली होती. शेवटचं दर्शन घ्यायला रांग लागली. फुलं ठेवायची, चेहऱ्याकडे बघायचं, पुढे सरकायचं.

म्हातारी रांगेत शेवटी होती. वाडीवरून मिनिडोरने आली होती. ती चेहऱ्याशी थांबलीच नाही. कुबडी टेकत पेटीच्या दुसऱ्या टोकाला गेली, फुलं बाजूला सारली आणि एका पायातला पांढरा मोजा ओढून काढला.

नखं शिंगासारखी वाढली होती.

"ह्याची पिशवी कुटं हाय?" तिने मला विचारलं.

घर दोन मिनिटांवर. मी जाऊन पिशवी आणली. ती पेटीच्या कडेला जमिनीवर बसली, लोखंडी कटर घेतलं आणि सुरुवात केली. दर शनिवारी बघून बघून तिला ते येत होतं. हॉलमध्ये एकेक नख तुटल्याचा आवाज होऊ लागला. पाळकसाहेबांनी थोडा वेळ ऐकलं, मग त्यांना ते सहन होईना असं दिसलं. त्यांनी गीत सुरू करायची खूण केली. लोक मोठ्याने गाऊ लागले. ती काम करता करता चाल गुणगुणत होती, नेहमीसारखी सगळ्यांच्या मागे रेंगाळत.

एक पाय झाला. तिने त्याला तेल लावलं, मोजा परत चढवला. दुसऱ्या पायासाठी तिला पेटीला वळसा घालून पलीकडे जायचं होतं. कुबडी टाइल्सवर घसरली. ती सावरत होती तेवढ्यात खजिनदार जवळ आले.

"मावशी, उशीर होतोय. दफनभूमीवर माणसं थांबलीत."

"एक पाय ऱ्हायला."

"असू दे आता." त्यांनी वाकून तिच्या हातातून कटर सोडवून घेतलं, हळुवारपणे, दोन्ही हातांनी. "हे आपण जपून ठेवणार आहोत, मावशी. मंडळीची ठेव आहे ही."

झाकण लावलं.

ते कटर आता हॉलमध्ये आहे. वेदीच्या डाव्या भिंतीवर काचेची पेटी केली आहे, आत मखमल, वर छोटा दिवा, खाली पितळी पट्टीवर तो रविवारचा शब्द. बाहेरून पाहुणे आले की त्यांना आवर्जून दाखवतात. मीही गेलो की बघतो. साफ करायचं कोणाला सुचलं नाही, त्यामुळे त्याच्या दातांत नखाचा एक तुकडा अजून अडकलेला दिसतो.

तो त्या एका पायाचा. दुसऱ्या पायाची नखं तशीच त्यांच्याबरोबर गेली. काचेच्या पेटीला कुलूप आहे, किल्ली खजिनदारांकडे असते. आणि वाडीवर म्हातारीच्या एका पायाची नखं वाढत आहेत.